वस्तीच्या उशाला छावणी

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ, वांगेतुरी नावाचे माडिया गोंडांचे गाव आहे. २० नोव्हेंबर २०२३ रोजी या गावात पोलीस मदत केंद्र उभे राहिले आणि ते एका दिवसात उभे राहिले. अशा कामाची पद्धत आता जिल्ह्यात ठरून गेली आहे. पुढे बॉम्बशोधक पथके रस्त्याची माती तपासत चालतात. पोलिसांच्या सी-६० या खास पथकाचे जवान दोन्ही बाजूंच्या टेकड्या धरून बसतात. मागून जेसीबी, पोकलेन, मालमोटारी आणि लांब ट्रेलर येतात. ट्रेलरवर पोर्टा केबिन असतात, जनरेटर असतो, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असते. दिवस मावळेपर्यंत जमीन सपाट होते, गोळी अडवणारी भिंत उभी राहते, कोपऱ्याकोपऱ्यावर वाळूच्या पोत्यांचे मोर्चे रचले जातात, तारांचे कुंपण ओढले जाते आणि मोबाइलचा मनोरा चढवला जातो. आदल्या दिवशी जिथे गुरे चरत होती तिथे दुसऱ्या दिवशी फाटक असते आणि फाटकावर पहारेकरी असतो. मग जनजागरण मेळावा भरतो. साड्या, धोतरे, घमेली, फवारणीचे पंप, मुलांना व्हॉलीबॉल असे वाटप होते आणि पोलीस अधीक्षकांचे भाषण होते.

वांगेतुरीनंतर जानेवारी २०२४ मध्ये गर्देवाडा, डिसेंबर २०२४ मध्ये भामरागड तालुक्यातले पेनगुंडा, पुढे २०२५ मध्ये नेलगुंडा आणि कवंडे. छावण्यांची ही माळ छत्तीसगडातल्या अबुजमाड डोंगरांच्या पायथ्यापर्यंत ओवली गेली. वर्तमानपत्रांत या गावांची नावे बहुधा पहिल्यांदाच ठळक छापली गेली, आणि छापली गेली ती छावणीच्या बातमीत. उद्या कोणी या गावांचा इतिहास शोधू लागला, तर त्याच्या हाती पहिला कागद येईल तो पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकाचा. म्हणजे गावाचा जन्म छावणीच्या दिवशी झाला असे त्याला वाटेल.

हा समज आत्ताच खोडून काढायला हवा. छावणी ही गावाच्या आयुष्यातली एक घटना आहे. ती मोठी आहे, सगळे बदलून टाकणारी आहे, पण तिच्या आधी गाव होते आणि नंतरही राहणार आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वस्तीची छावणी कशी होते हे समजून घ्यायचे, तर सुरुवात वस्तीपासून करावी लागते.

वस्तीकडे कागद नाहीत, हे खरे. पण खुणा आहेत. माडिया गावात गोटूल असतो. बाहेरच्यांनी त्याच्याबद्दल पुष्कळ रंगवून लिहिले, पण गावाच्या लेखी ती बसण्या-बोलण्याची, तंटे सोडवण्याची, पाहुण्याला उतरवण्याची जागा. गावाबाहेर मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड असतात. गाव किती पिढ्या इथे आहे याचा हिशेब त्या दगडांवरून लावता येतो. गावाच्या वर इलाखा असतो. एका इलाख्यात अनेक गावे, त्यांचे समाईक देव, समाईक जत्रा. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरते, तिला आसपासच्या इलाख्यांतली माणसे येतात. महसुली तालुका हा त्यांच्यासाठी अर्ज घेऊन जाण्याचा पत्ता, इलाखा हा राहण्याचा. मोहफुलांचे दिवस, तेंदूपानाचा मे महिना, बांबूतोड, पावसाळ्यात धानाची लावणी असे या गावांचे वर्ष चालते. छावणी कुठे उभी राहिली हे नकाशावर पाहताना ती कोणत्या इलाख्यात, कोणत्या देवाच्या वाटेवर आणि कोणत्या चराईच्या माळावर उभी राहिली हेही पाहिले, तरच चित्र पुरे होते.

आणि जंगलात छावणी आणणारे हे पहिले राज्य नव्हे.

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या फौजेने चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, किल्ला घेतला. गोंड राजांचा तट, भोसल्यांची शिबंदी, इंग्रजांच्या तोफा अशी ती लढाई चांदा शहराची होती. जंगल त्या वेळी बऱ्यापैकी बाजूलाच राहिले. जंगलात छावणी आली ती चाळीस वर्षांनी, आणि त्या वेळी ती सैनिकांची नव्हे, तारायंत्रवाल्यांची होती. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबुराव पुल्लेसुर शेडमाके याने जंगोम दल उभारून मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर ताबा मिळवला. नांदगाव-घोसरीला आणि सगणापूरला इंग्रजी तुकड्यांशी त्याच्या झुंजी झाल्या. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहिता काठच्या चिंचगुंडी इथल्या तारायंत्राच्या तळावर त्यांनी हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे कर्मचारी मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला आणि त्याने उपायुक्त कॅप्टन क्रिक्टनला बातमी दिली. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामार्फत सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्याचे वय तेव्हा पंचविशीचे. चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातल्या पिंपळाला आजही दर २१ ऑक्टोबरला लोक वंदन करायला येतात.

या घटनेत विषयाला जवळचे काय आहे? चिंचगुंडीचा तळ. नदीकाठी चार तंबू, खांब, तारांची वेटोळी, तीन गोरी माणसे आणि हाताखालचे मजूर. त्यांच्या लेखी ते तार टाकण्याचे काम होते. बाबुरावाच्या लेखी ती परक्या सत्तेने जंगलात ठोकलेली मेख होती. तार आणि फौज एकाच वाटेने येतात हे त्याने ओळखले होते. आज रस्ता आणि मोबाइलचा मनोरा यांच्यावरून या भागात जो वाद चालतो, त्याची पहिली ठिणगी प्राणहितेच्या त्या काठावर पडली होती. मधल्या दीडशे वर्षांत तंत्र बदलले, राज्य बदलले, झेंडा आपला झाला. म्हणून आजच्या मनोऱ्याला १८५८ चा तळ म्हणणे चूक ठरेल. पण लोकांच्या मनात जुनी आठवण असते आणि ती वजा करून चालत नाही.

मग १९४२. चिमूर हे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले मोठे खेडे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, मिरवणुकीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला आणि जमाव उसळला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनावणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई मारले गेले. रस्त्यांवर झाडे आडवी टाकून लोकांनी गावाची वाट बंद केली. १९ तारखेला गोऱ्या सैनिकांसह फौज गावात शिरली आणि सबंध गावाचीच छावणी झाली. पुरुष पकडले गेले किंवा रानात पळाले. घरात राहिल्या त्या बायका आणि मुले. पुढचे काही दिवस चिमूरच्या बायकांनी जे सोसले त्याच्या कहाण्या नागपूरहून चौकशीला गेलेल्या स्त्रियांनी आणि डॉ. बा. शि. मुंजे यांनी बाहेर आणल्या. सरकार चौकशी नेमायला तयार होईना, तेव्हा प्रा. जयकृष्ण भन्साळी उपोषणाला बसले. ते उपोषण ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ ला सुटले. फाशीच्या शिक्षा झालेल्या चिमूर-आष्टीच्या कैद्यांचे प्राण १९४५ मध्ये वाचले.

चिमूरचे उदाहरण इथे मुद्दाम लांबवले आहे. गावावर छावणी पडली की सर्वांत आधी काय घडते, तर साक्षीदार कमी होतात. पुरुष नसतात, वाटा बंद असतात, बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. चिमूरला निदान नागपूरची वर्तमानपत्रे होती, सेवाग्राम जवळ होते, मुंजे आणि भन्साळी होते. ज्या वस्तीला यातले काहीच नाही, जिची भाषाही जिल्ह्याच्या ठिकाणी मोजक्यांना कळते, तिथे काय घडले हे कळायला फार वर्षे जातात. कधी कळतही नाही.

आजच्या छावण्यांची गोष्ट १९८० मध्ये सुरू होते. त्या वर्षी आंध्रातला पीपल्स वॉर गट स्थापन झाला आणि त्याची छोटी पथके गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंचा भागात उतरली. २ नोव्हेंबर १९८० रोजी सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबीनपेठा इथे पेद्दी शंकर हा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. महाराष्ट्रात पोलिसांकडून मारला गेलेला तो पहिला नक्षलवादी. त्या वेळी गडचिरोली जिल्हाही नव्हता. तो चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, तीन चतुर्थांश जंगलाखाली, पावसाळ्यात अर्धा तुटणारा जिल्हा. पथकांनी तेंदूपानाचा आणि बांबूचा दर वाढवून मागितला, वनरक्षक आणि तलाठी यांची मनमानी थांबवली. गावे त्यांच्याकडे वळली त्याचे कारण हे होते, आणि ते नाकारून या काळाचा इतिहास लिहिता येणार नाही. त्याच पथकांनी पुढे खबऱ्या ठरवून गावातल्याच माणसांना मारले, पोलीस पाटलांना मारले, निवडून आलेल्यांना राजीनामे द्यायला लावले. पोलिसांच्या नोंदीत नक्षलवाद्यांनी मारलेल्या नागरिकांची संख्या पाचशेच्या वर आहे. त्यात बहुसंख्य आदिवासी. हेही नाकारून लिहिता येणार नाही.

राज्याने उत्तर म्हणून जंगलात ठाणी वाढवली. उपपोलीस ठाणे, सशस्त्र दूरक्षेत्र, पोलीस मदत केंद्र अशी त्यांची सरकारी नावे. लोक सगळ्यांना ‘कॅम्प’ म्हणतात. १ डिसेंबर १९९० ला तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जणांचे खास पथक उभे केले, तेच सी-६०. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यातली मुले याच जिल्ह्यातली, बरीचशी गोंड-माडिया, जंगलाच्या वाटा आणि भाषा जाणणारी. पुढे केंद्रीय राखीव दलाच्या आणि राज्य राखीव दलाच्या तुकड्या आल्या. छावणीच्या आत पंजाबी, तमिळ, मराठी, बंगाली बोलणारे जवान, आणि त्यांच्यापुढे चालणारे माडिया बोलणारे सी-६० चे दादा. पहाऱ्यावरचा जवान आणि फाटकाबाहेरून मोहफुलांची टोपली घेऊन जाणारी बाई एकाच इलाख्यातली, कधी दूरच्या नात्यातली असू शकतात. ज्या घरातला एक मुलगा पोलिसात आणि एक नक्षलवाद्यांच्या दलममध्ये, म्हणजे सशस्त्र पथकात, अशी घरेही या जिल्ह्याने पाहिली आहेत.

एक गाव जवळून पाहू. भामरागडच्या पुढे लाहेरी. पर्लकोटा, इंद्रावती आणि पामुलगौतम या नद्यांच्या संगमावर वसलेले भामरागड स्वतःच पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने दर वर्षी जगापासून तुटते. लाहेरी त्याच्याही पलीकडे. पुढे डोंगर चढला की बिनागुंडा, आणि मग अबुजमाड. लाहेरी म्हणजे बाजाराचे गाव. आसपासच्या पाड्यांची माणसे चालत येतात, मीठ, तेल, सुकी मासळी, कापड घेतात, मोहफूल आणि चारोळी विकतात. इथे पोलीस ठाणे आले, आणि ८ ऑक्टोबर २००९ ला, विधानसभेचे मतदान पाच दिवसांवर असताना, ठाण्याजवळच नक्षलवाद्यांनी घेरून १७ पोलिसांना मारले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मरकेगावला १५ आणि मे महिन्यात हत्तीगोटाला १६ पोलीस गेले होते, त्यांत पाच महिला होत्या. गडचिरोली पोलिसांच्या इतिहासातले ते सर्वांत काळे वर्ष.

२००९ नंतर लाहेरीसारख्या ठाण्यांचे रूप पालटले. भिंती उंच झाल्या, मोर्चे वाढले, रात्री प्रकाशझोत फिरू लागले. जवान रस्त्याने पायी जाऊ लागले तेही रस्ता तपासणाऱ्या तुकडीच्या मागे, दुतर्फा रानातून. रसद हेलिकॉप्टरने येऊ लागली. ठाणे गावात होते, पण गावापासून दूर गेले. आणि गावही बदलले. अंधार पडल्यावर शिकारीला, मासे धरायला, मोह राखायला रानात जाणे ही माडिया माणसाची रोजची गोष्ट. आता अंधारात रानात दिसणारा माणूस संशयित ठरू लागला. दिवसा ठाण्यात दाखल्यासाठी गेलेल्याला रात्री दलम विचारी, काय बोललास? रात्री दलमला भात वाढणाऱ्याला सकाळी पोलीस विचारी, कोण आले होते? दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारा जिवाला मुकू शकत होता. बाजाराच्या दिवशी पाचपन्नास माणसांत उभे राहून कोणाशी किती वेळ बोलायचे, याचाही हिशेब गावाने शिकून घेतला. छावणीच्या गावाचा इतिहास लिहायचा तर हा हिशेब लिहावा लागेल. तो कोणत्याही सरकारी दप्तरात नाही.

जगात इतरत्र असा प्रश्न आला तेव्हा राज्यांनी उलटा मार्ग धरला होता. मलायात १९५० पासून इंग्रजांनी जंगलाच्या कडेला राहणाऱ्या सुमारे पाच लाख लोकांना, मुख्यतः चिनी वंशाच्या, उचलून तारांच्या कुंपणात वसवले. मिझोराममध्ये जानेवारी १९६७ पासून भारतीय सैन्याने वैरेंगते-लुंगलेई रस्त्यालगत १०६ गावे उठवून १८ केंद्रांत एकत्र केली. रिकामी गावे जाळली गेली. छत्तीसगडमध्ये २००५ नंतर सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात बस्तरची गावे ओस पडली आणि दोरनापालसारख्या ठिकाणी शिबिरांत कोंडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये जुडूमला घटनाबाह्य ठरवले. लोकांना छावणीत नेणे, हे या तिन्ही ठिकाणांचे सूत्र.

गडचिरोलीत हे घडले नाही. इथे छावणी लोकांकडे गेली. गावे जागेवर राहिली, शेते राहिली, देव राहिले. इंद्रावतीच्या एका तीरावर माणसे परागंदा होत असताना दुसऱ्या तीरावर गावे टिकली, ही गोष्ट लहान नाही आणि तिचे श्रेय जिल्ह्यातल्या प्रशासनाला व पोलिसांना द्यायलाच हवे. पण छावणी गावात आली की गावाला छावणीपासून सुटका नसते, हेही तितकेच खरे.

छावणीने काय आणले? रस्ता आणला. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा ३२ किलोमीटरचा रस्ता आणि ताडगुडाचा पूल झाला, आणि १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत अहेरी ते गर्देवाडा एसटी धावली. स्वातंत्र्याला ७७ वर्षे झाल्यावर या पट्ट्याने लालपरी पाहिली. बाळंतीण खाटेवर घालून चार माणसांनी नाले तुडवत नेण्याची वेळ ज्या गावावर येते, त्या गावाला एसटी म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकाने समजून घ्यावे. मोबाइलचा मनोरा आला. ‘पोलीस दादालोरा खिडकी’ आली. ठाण्यातल्या एका टेबलावर जातीचा दाखला, आधार, बँकेचे खाते, वाहन परवाना, नोकरीचे अर्ज अशी कामे होतात. एरवी त्यासाठी एटापल्लीला किंवा थेट गडचिरोलीला दोन दिवसांची खेप. गावागावांत वाचनालये उघडण्याचा उपक्रम पोलिसांनीच चालवला.

यात एक अवघड गोष्ट आहे. ही कामे पोलिसांची नाहीत. ती तलाठ्याची, ग्रामसेवकाची, आरोग्यसेविकेची, शिक्षकाची आहेत. जी सरकारे चाळीस वर्षे या गावांत शिक्षक टिकवू शकली नाहीत, ती आता बंदुकीच्या आडोशाने दाखला देत आहेत. पोलिसाने केलेले काम चांगलेच आहे. पण माडिया मुलाच्या मनात सरकारचे पहिले रूप मोर्चामागून डोकावणारे असावे, ही आपल्या सर्वांची नामुष्की आहे. दुसरी वाट अशक्य होती असेही नाही. भामरागडजवळच हेमलकसा आहे. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे झोपडीत राहून रोगी तपासू लागले. ना कुंपण, ना पहारा. आधी दवाखाना आला, मग शाळा, मग विश्वास. त्या कामाला पन्नास वर्षे झाली, दोन्ही बाजूंच्या बंदुका अवतीभवती असताना ते तिथे टिकले. इतक्या जवळचा धडा राज्याने गावोगाव गिरवला असता, तर कदाचित इतके मोर्चे लागले नसते.

आता वांगेतुरीच्या त्या दिवसाची दुसरी बाजू. शेजारच्या तोडगट्टा इथे ११ मार्च २०२३ पासून आंदोलन चालू होते. सुमारे सत्तर गावांची माणसे बांबू-लाकडाच्या झोपड्या उभारून आळीपाळीने मुक्कामाला येत. विरोध होता दमकोंडवाहीच्या डोंगरांतल्या प्रस्तावित लोहखनिज खाणींना आणि त्यासाठी रुंद होणाऱ्या रस्त्याला. शाळा द्या, दवाखाना द्या, त्याला पुरेल इतका रस्ता द्या, असे ते म्हणत. २० नोव्हेंबरला, म्हणजे वांगेतुरीचे केंद्र उभे राहिले त्याच दिवशी, पोलिसांनी आंदोलनातल्या प्रमुखांना ताब्यात घेतले आणि झोपड्या मोडल्या गेल्या. आंदोलकांनी वाट अडवली, या आंदोलनामागे नक्षलवादी आहेत, असे पोलिसांचे म्हणणे. आम्ही संविधानाने दिलेल्या ग्रामसभेच्या अधिकारातून बोलतो, आणि छावणी आमच्या रक्षणासाठी नसून खाणीच्या रक्षणासाठी आहे, असे आंदोलकांचे.

दोन्ही कथने पुढच्या इतिहासकाराला शेजारी ठेवून वाचावी लागतील. पण संशय हवेतून आलेला नाही. तिथून जवळच सुरजागड आहे. ठाकूरदेवाच्या डोंगरावर ३४८ हेक्टरची लोहखनिजाची खाण २००७ मध्ये पट्ट्याने दिली गेली. २०१६ मध्ये खनिज निघू लागले. डिसेंबरात नक्षलवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून पोलीस बंदोबस्तात काम जोरात सुरू झाले. आता त्या रस्त्यावरून लाल धूळ उडवत ट्रकांच्या रांगा जातात, आणि कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहिला आहे. काही तरुणांना तिथे नोकऱ्या लागल्या, हेही खरे. आधी छावणी, मग रस्ता, मग खाण हा क्रम एका डोंगरावर पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या डोंगराजवळ छावणी दिसली, तर त्याने काय समजावे? त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे हे राज्याचे काम आहे. प्रश्न विचारला म्हणून त्याला शत्रूच्या रांगेत बसवणे हे नव्हे.

आता काळ बदलला आहे. १ जानेवारी २०२५ ला ज्येष्ठ नक्षलवादी नेत्या तारक्का शरण आली. १५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. चार दशकांपूर्वी प्राणहिता ओलांडून आलेल्या चळवळीच्या सर्वांत वरच्या फळीतला हा माणूस. केंद्र सरकारने नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली. म्हणजे ज्या कारणासाठी छावण्या आल्या, ते कारण ओसरते आहे. मग छावण्यांचे काय होणार?

विदर्भातच एक जुने उदाहरण आहे. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८२१ मध्ये, इंग्रजांनी कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसवली. नागपूरच्या राजावर नजर ठेवणे हे तिचे काम. १८५३ मध्ये राज्यच खालसा झाले, तरी छावणी हलली नाही. तिच्याभोवती बाजार, विणकर, बिडीचे कारखाने, शाळा, मशिदी, चर्च असे गाव वाढले. पुढे त्याच कामठीतून बाबू हरदास यांच्यासारखा आंबेडकरी चळवळीचा नेता निघाला. छावणी आजही सैन्याकडे आहे. कारण संपले म्हणून छावणी उठत नाही, ती नवे कारण शोधते. पण कामठीच्या आसपास मोकळी जमीन, नदी, राजधानी आणि रस्ता होता. पेनगुंडा किंवा कवंड्याभोवती काय वाढेल? शासकीय आश्रमशाळा, ग्रामीण रुग्णालय, बाजारपेठ, की खाणीच्या कामगारांची वसाहत?

याचे उत्तर एका कोरड्या दिसणाऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे: छावणीची जमीन कोणाची? २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या गरजांसाठी वनजमीन वळवायला ग्रामसभेच्या शिफारशीवर मुभा दिली. त्यासाठीच्या तेरा गोष्टींच्या यादीत शाळा आहे, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तलाव, रस्ता, समाजमंदिर आहे. पोलीस ठाणे नाही. नक्षलग्रस्त जिल्ह्यांत पोलीस ठाण्यांसाठी वनजमीन देण्याची वाट केंद्राच्या वन मंत्रालयाने वनसंवर्धन कायद्याखाली वेगळी काढली. दुसरीकडे याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला दाखवून दिले की ग्रामसभा आपले जंगल सांभाळू शकते, बांबू विकू शकते, हिशेब ठेवू शकते. सामूहिक हक्काच्या दाव्यात गाव आपल्या सीमा लिहिते: कोणता नाला, कोणता डोंगर, कोणते देवस्थान, कुठली चराई. वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, नेलगुंडा आणि कवंडे इथल्या छावण्या त्या सीमांच्या आत कुठे येतात, जमीन देताना ग्रामसभेच्या नोंदवहीत काय लिहिले गेले, कोणाच्या सह्या आणि अंगठे त्यावर आहेत, पोलिसांच्या रोजनाम्यात त्याच दिवशी काय नोंदले आहे, हे कागद आज मिळू शकतात. ज्या म्हाताऱ्यांनी त्या माळावर गुरे चारली ती हयात आहेत. पहिल्या रात्री मोर्चात बसलेले जवान अजून नोकरीत आहेत, शरण आलेले दलमचे लोक गडचिरोलीत राहत आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची गावे हीच आहेत. काम इथून सुरू करायचे आहे, आणि माडियातून विचारू शकणाऱ्या, या गावांतच वाढलेल्या मुलामुलींनी ते हाती घ्यायचे आहे.